सीट घेण्याआधी आठवडा मोजा: कॉलेज करून अभ्यासिकेत येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी माहितीपत्रक

अभ्यासिकेत सीट घेतली की टेबल, दिवा, चार्जिंगचा पॉइंट आणि शांतता मिळते. त्या टेबलावर बसून काय करायचं आणि किती वेळ करायचं, हे मात्र घरून ठरवून यावं लागतं. पूर्ण दिवसाची सीट घेऊन जेमतेम चार तास अभ्यास होणारे आणि चार तासांच्या शिफ्टमध्ये ठरलेलं काम उरकून घरी जाणारे विद्यार्थी एकाच हॉलमध्ये शेजारी शेजारी बसतात. फरक बहुतेक वेळा आठवड्याच्या हिशेबाचा असतो. हे पत्रक राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या पदवी वर्गांतले विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. फक्त स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांचं गणित वेगळं असतं.

आधी 168 तासांचा हिशेब

आठवड्याचे तास 168. त्यातून जे ठरलेलंच आहे ते आधी वजा करा. कामठीहून अपडाउन करणाऱ्या बी.एस्सी.च्या विद्यार्थिनीचं उदाहरण घेऊ. झोप रोज साडेसात तास, म्हणजे 52.5. कॉलेज सहा दिवस, रोज पाच तास, म्हणजे 30. प्रवास सहा दिवस, रोज अडीच तास, म्हणजे 15. जेवण, आंघोळ, कपडे यांना रोज तीन तास, म्हणजे 21. घरातली कामं, मैत्रिणी, थोडी करमणूक यांना रोज दीड तास, म्हणजे 10.5. बेरीज 129. हाती उरले 39.

प्रवास मोजताना नुसता गाडीचा वेळ धरू नका. मेट्रोच्या ऑरेंज लाइनवरून ॲक्वा लाइनवर जायचं तर सीताबर्डीला गाडी बदलावी लागते, स्टेशनपासून कॉलेजपर्यंत ऑटो किंवा पायपीट असते. एसटीने काटोल, उमरेड, रामटेकहून येणाऱ्यांचा थांब्यावर वाट पाहण्यातही वेळ जातो. घराच्या दारापासून वर्गाच्या दारापर्यंत किती वेळ लागतो, ते तीन दिवस घड्याळ लावून पाहा आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा धरा.

आता महत्त्वाचं. या 39 पैकी फक्त दोन तृतीयांश, म्हणजे 26 तास वेळापत्रकात लिहा. उरलेले 13 मोकळे सोडा. कामाला लागणारा वेळ माणूस नेहमी कमी धरतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये ही खोड नियोजनाचा भ्रम म्हणून मांडली. पुढे 1994 च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी अंदाज आला सुमारे 34 दिवसांचा, प्रत्यक्षात लागले सुमारे 55. सगळं बिनसलं तर किती लागतील, असं विचारल्यावर त्यांनी दिलेला आकडाही 49 च्या आतच होता. तेव्हा आळशी विद्यार्थ्याचंच वेळापत्रक कोसळतं असं नाही. काठोकाठ भरलेलं प्रत्येक वेळापत्रक कोसळतं.

26 तास पुरतात का? पुरतात. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटमागे 30 तासांचं शिक्षण धरलेलं आहे, वर्ग आणि स्वतःचा अभ्यास दोन्ही मिळून. सेमिस्टरला 22 क्रेडिट असतील तर 660 तास. 15 आठवड्यांत विभागले तर आठवड्याला 44. कॉलेजच्या 30 तासांतून मधल्या सुट्ट्या वजा करून 27 तास वर्ग आणि प्रॅक्टिकल झाले असं समजा. म्हणजे स्वतःच्या अभ्यासाला 17 हवेत. 26 लिहिलेत तर नऊ तास उजळणीला किंवा बॅक लागलेल्या विषयाला मिळतात. एक अट आहे: वर्ग चुकला की हे गणित मोडतं. न ऐकलेलं लेक्चर नोट्सवरून स्वतः समजून घ्यायला तासाभरात भागत नाही.

यावरून कोणती शिफ्ट घ्यायची ते ठरवा. सकाळचं कॉलेज असेल तर दुपारी दोन ते सहा, सहा दिवस, म्हणजे 24 तास. उरलेले दोन तास घरी जर्नलसाठी. एवढ्यात काम होतं. सेमिस्टर चालू असताना पूर्ण दिवसाच्या सीटचे पैसे भरू नका. ती सीट प्रिपरेशन लीव्हमध्ये घ्या, तेव्हा तिचा खरा उपयोग होतो.

सेमिस्टरचं पान

काउंटरवर एक मोठा छापील कागद मिळतो, त्यावर 20 आठवड्यांच्या चौकटी आहेत. सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात तो भरा. विद्यापीठाचं शैक्षणिक वेळापत्रक, कॉलेजच्या इंटर्नलच्या तारखा, असाइनमेंट आणि जर्नल सबमिशन, प्रॅक्टिकल, परीक्षा अर्जाची शेवटची तारीख. ही अर्जाची तारीख लाल पेनाने लिहा. ती हुकली तर विलंब शुल्क भरावं लागतं, आणि कॉलेजच्या कार्यालयात हेलपाटे घालण्यात अर्धा दिवस जातो तो वेगळाच.

मग सण लिहा. पोळा, त्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक, गणपती, नवरात्र, दसऱ्याला दीक्षाभूमीवरची गर्दी, दिवाळी: हिवाळी सेमिस्टरचे हे सगळे दिवस आधीच ठाऊक असतात, तरी दरवर्षी वेळापत्रकात त्यांची जागा रिकामी धरलेली नसते. मारबतीच्या दिवशी महाल, इतवारीकडून येणाऱ्यांनी अभ्यासिकेचे तास लिहूच नयेत. घरी गणपती बसत असेल तर ते दिवस अर्धे धरा. हिवाळी परीक्षा दिवाळीच्या आगेमागे येते, म्हणून दिवाळीत अभ्यास भरून काढू हा विचार सोडलेला बरा. दिवाळीपर्यंत प्रत्येक विषय एकदा पूर्ण झालेला हवा.

उन्हाळी सेमिस्टरमध्ये अडचण उन्हाची. एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या घरात जातो आणि बारा ते चार रस्त्यावर निघणं अंगावर येतं. दुपारची शिफ्ट असेल तर अकराच्या आत या, डबा आणा, आणि ऊन कलल्यावर निघा. जमलं तर एप्रिलपासून सकाळी सहाची शिफ्ट घ्या.

काम तोडून लिहा

आठवड्याच्या पानावर "केमिस्ट्री" किंवा "युनिट 3 वाचणे" असं लिहू नका. ते कधी संपलं हे कळत नाही, म्हणून ते सुरूही होत नाही. संपल्यावर खूण करता येईल असं लिहा: "युनिट 3, पान 41 ते 52, दोन मोठ्या प्रश्नांची उत्तरं मुद्द्यांत". एका चौकटीत दीड तासात होईल एवढंच काम.

अशी एक चौकट जवळून पाहू. बी.कॉम.चा विद्यार्थी, विषय परिव्यय लेखांकन, काम प्रोसेस कॉस्टिंगची दोन उदाहरणं. पहिली दहा मिनिटं कोऱ्या कागदावर: सामान्य हानी म्हणजे काय, असामान्य हानीची किंमत कशी काढतात, कोणती हानी कोणत्या खात्यात जाते, हे पुस्तक बंद ठेवून लिहायचं. नंतर 50 मिनिटं दोन उदाहरणं सोडवायची, उत्तर न बघता. अडलं तर त्या ओळीशी प्रश्नचिन्ह टाकून पुढे जायचं. मग पाच मिनिटं उठायचं, पाणी प्यायचं. पुढची 20 मिनिटं पुस्तकातल्या उत्तराशी ताळा: चूक बेरजेची, फॉर्म्युल्याची की प्रश्न नीट न वाचल्याची, ते समासात लिहायचं. बहुतेकांची चूक एकाच जागी असते, सामान्य हानीच्या युनिटचं भंगारमूल्य वजा करायचं राहतं. शेवटची पाच मिनिटं उद्या कुठून सुरू करायचं ती ओळ लिहायला. ही ओळ लिहिली नाही तर दुसऱ्या दिवशी पाव तास वही चाळण्यातच जातो.

पुस्तक बंद ठेवून लिहिण्यावर आमचा इतका भर का? 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर सुमारे 42 टक्के आठवलं. एकदा वाचून मग आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत मात्र पुन्हा वाचणारेच पुढे होते. म्हणून हायलायटर फिरवत वाचलं की सगळं येतं असं वाटतं, आणि पेपरात हात थांबतो. उजळणीही याच पद्धतीने करा: दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं, आठवड्याने 20, तीन आठवड्यांनी अर्धा तास. या उजळणीला वेळापत्रकात स्वतंत्र चौकट द्या.

कुठे बिघडतं

सोमवार बुडाला की मंगळवारी दुप्पट करू, असं ठरवलं जातं. मंगळवारीही दुप्पट होत नाही, बुधवारी पान फाडलं जातं. बुडालेलं काम दुसऱ्या दिवशी ढकलू नका. ते रविवार सकाळच्या तीन तासांत टाका. त्या चौकटीवर "अनुशेष" एवढंच लिहा, दुसरं काही नाही. तिथेही मावलं नाही तर पुढच्या आठवड्यात नवीन काम कमी धरा.

प्रॅक्टिकलचं जर्नल त्याच दिवशी लिहा. निरीक्षणं ताजी असतात, आलेख अर्ध्या तासात होतो. सबमिशनच्या आदल्या रात्री दहा प्रयोग एकदम लिहिणारा दुसऱ्याचे आकडे उतरवतो, आणि व्हायवात पहिल्याच प्रश्नाला अडकतो.

चहाला पाचलाच जा. ग्रुप उठला म्हणून उठलात तर टपरीवर पाऊण तास जातो, आणि परत आल्यावर मन बसायला आणखी वेळ. फोन टेबलावर उपडा ठेवून भागत नाही, लॉकरमध्ये ठेवा. नोट्स पीडीएफमध्ये असतील तर त्या दिवसाची पानं छापून आणा. वेळ बघायला हातात साधं घड्याळ घाला.

बॅक लागलेल्या विषयाला पहिल्या आठवड्यापासून तीन तास द्या, कारण त्याचा पेपर चालू विषयांच्याच हंगामात येतो आणि तेव्हा त्याच्यासाठी वेगळे दिवस मिळत नाहीत. सोबत एमपीएससीची तयारी करत असाल तर सेमिस्टर चालू असताना रोजचं वर्तमानपत्र 40 मिनिटं आणि एकच विषय, एवढ्यावर थांबा. दोन वेगळी वेळापत्रकं केली की दोन्हींना तेच तास दिले जातात.

रात्र जागून अभ्यास करण्याच्या आम्ही विरोधात आहोत. तरुण माणसाला सात ते नऊ तास झोप लागते आणि दिवसा शिकलेलं झोपेतच पक्कं होतं. म्हणून आमचा हॉल रात्री अकराला बंद होतो. परीक्षेच्या दिवसांतही ही वेळ वाढवत नाही.

सेमिस्टरचं पान आणि आठवड्याची पानं काउंटरवर विनामूल्य आहेत. पहिलं पान भरताना तासांचा मेळ बसत नसेल तर तोच कागद घेऊन संध्याकाळी सहा ते सात या वेळेत या, बसून हिशेब लावून देतो. शिफ्ट बदलायची असेल तर महिना संपायच्या तीन दिवस आधी सांगा, वेगळे पैसे लागत नाहीत.