कंगवाही ओढतो, लोहचुंबकही ओढतो. मग फरक काय?

कोरड्या केसांवरून प्लास्टिकचा कंगवा आठ-दहा वेळा फिरवला की कागदाचे कपटे टुणकन उडून त्याला चिकटतात. लोहचुंबक जवळ नेला की टाचण्या तशाच धावत येतात. बघणाऱ्या पोराला वाटतं, कंगव्याचा चुंबक झाला! पुष्कळ मोठ्यांचाही तोच समज असतो.

एका ताटलीत कपटे, टाचण्या आणि चॉकलेटवरच्या चांदीचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, बारीक तुकडे मिसळा. चुंबक टाचण्या उचलतो आणि बाकीच्यांकडे ढुंकूनही बघत नाही. कंगवा कागद आणि चांदी दोन्ही ओढतो. टाचणी हलत नाही, पण ती जड आहे म्हणून. दोऱ्याने आडवी टांगलीत तर कंगव्याकडे हळूच वळेल. कंगव्याला लोखंडच लागतं असं नाही, वस्तू हलकी हवी, एवढंच. इंग्रज वैद्य विल्यम गिल्बर्टने १६०० साली छापलेल्या ग्रंथात हाच भेद मांडला. टोकावर तोललेली धातूची साधी सुई घासलेल्या तृणमण्याकडे, म्हणजे अंबरकडे (झाडाच्या चिकाचा जीवाश्म झालेला खडा), वळते, हे त्याने दाखवलं. (तृण ओढतो तो तृणमणी; आपल्या नावातच प्रयोग दडलाय.)

घासताना केसांतले इलेक्ट्रॉन कंगव्यावर जातात आणि तो ऋणप्रभारित होतो. चांदीचा तुकडा कंगव्याला चिकटून क्षणात दूर फेकला जातो तो यामुळेच: स्पर्श होताच त्याच्यावरही तोच प्रभार येतो. चुंबकात बाहेरून काही भरलेलं नसतं. लोखंडातले अणू स्वतःच चिमुकले चुंबक असतात आणि ते एका दिशेने रांगेत असतात. म्हणून चुंबक मोडला तरी प्रत्येक तुकड्याला दोन ध्रुव येतात, एकटा ध्रुव हाती लागत नाही. प्रभार मात्र नुसता ऋण असू शकतो.

जुलैत कोकणात कंगव्याचा प्रयोग हमखास फसतो, दमट हवेत प्रभार टिकत नाही. चुंबक पाण्याने भरलेल्या पेल्यातूनही टाचणी खेचतो.

तरी दोघांचं नातं आहेच. १८२० साली कोपनहेगनमध्ये डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेडला दिसलं की तारेतून वीज वाहू लागली की शेजारची होकायंत्राची सुई हलते. थांबलेला प्रभार सुई अशी हलवत नाही, वाहणारा हलवतो. लोखंडी खिळ्यावर लाखेचा थर असलेल्या तांब्याच्या तारेचे पन्नासेक वेढे घ्या, टोकं खरवडून दीड व्होल्टच्या सेलला जोडा, टाचण्या चिकटतील. तार पटकन तापते, म्हणून चार-पाच सेकंदांत सोडा. टाचण्या गळून पडतील, एखादी लटकत राहील. खिळ्यात थोडं चुंबकत्व उरलेलं असतं.