मध, कोसा, मासे गावाच्या नावाने विकायचे असतील तर आधी सामूहिक वनहक्काचा दावा

आग्या मोहोळाचा मध, मेण, ऐनावरचे कोसे (रेशमाचे कोष), लाख, तळ्यातले मासे. गडचिरोली, गोंदियाकडच्या टोल्यांवर, म्हणजे छोट्या वस्त्यांवर, यांची विक्री पिढ्यान्‌पिढ्या चालते, पण माल कुणाचा हे कागदावर नसतं. मग व्यापारी म्हणेल तो भाव घ्यावा लागतो आणि नाक्यावर गाडी अडली की बोलती बंद होते. बचत गट काढायच्या, बाटल्या-लेबलं आणायच्या आधी गावाने वनहक्क कायद्याखाली दावा करावा, असं माझं ठाम मत आहे.

2006 च्या या कायद्यात गौण वनोपजाच्या, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातल्या इतर उत्पन्नाच्या, व्याख्येतच बांबू, तेंदूपानासोबत कोसा, मध, मेण आणि लाख ही नावं आहेत. ते गोळा करण्याचा, वापरण्याचा, विकण्याचा हक्क आणि त्याची मालकी कलम 3 देतं. मासे आणि पाणवठ्यांतलं इतर उत्पन्नही त्याच कलमात येतं. शिकार, सापळे लावणं, वन्यप्राण्याच्या शरीराचा कुठलाही भाग काढणं मात्र स्पष्टपणे वगळलेलं आहे. कातडी, शिंगं, साळिंदराचे काटे यांचा धंदा या दाव्यात बसत नाही, बसवायचा प्रयत्नही करू नये.

दावा करायचा तो ग्रामसभेने. अनुसूचित जमातीचे लोक 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून तिथे राहणारे आणि उपजीविकेसाठी जंगलावर अवलंबून असावेत. मासेमारी करणाऱ्या ढिवरांसारख्या इतर पारंपरिक वननिवासींना त्या तारखेआधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. जंगल राखीव असो, संरक्षित असो की अभयारण्यातलं, दावा करता येतो. अभयारण्य आहे म्हणून कुणी परत पाठवलं तर त्यांना कायद्यातली वनजमिनीची व्याख्या दाखवावी.

सुरुवात ग्रामसभेपासून. निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला हव्यात. इथे कोरम नीट भरला नाही तर पुढे सगळं अडतं, म्हणून सह्या-अंगठे त्याच बैठकीत घ्या. या सभेत 10 ते 15 जणांची वनहक्क समिती निवडायची. तिच्यात दोन तृतीयांश सदस्य अनुसूचित जमातीचे आणि एक तृतीयांश महिला असाव्यात. अध्यक्ष-सचिव ठरले की उपविभागस्तरीय समितीला कळवायचं. गावाचे नकाशे आणि वनविभागाच्या नोंदी मागण्याची जागाही हीच. अर्जाचे नमुने फुकट मिळतात.

अर्ज दोन आहेत. नमुना ‘ख’ मध्ये वनोपज, मासे, चराई, निस्तार (घरवापरासाठी जंगलातून सरपण-चारा घेण्याची जुनी वहिवाट) असे हक्क येतात. नमुना ‘ग’ मध्ये जंगलाच्या राखणीचा आणि व्यवस्थापनाचा हक्क, सोबत जंगलाचा कक्ष क्रमांक किंवा गट नंबर, शेजारच्या गावांची नावं आणि ग्रामसभेच्या सदस्यांची यादी. दोन्ही भरा. एकट्या ‘ख’ने वनोपज मिळतं, पण मोहोळाची झाडं राखायची की तोडायची हे ठरवण्याचा अधिकार ‘ग’मधून येतो. ‘ख’ भरताना नुसतं ‘गौण वनोपज’ लिहून थांबू नका. मध, मेण, कोसा, लाख नावानिशी लिहा, मासे आणि तळी त्यांच्या रकान्यात लिहा.

पुराव्यात बहुतेक गावं बिचकतात, पण खरं तर गावाची बाजू इथेच भक्कम असते. निस्तारपत्रक, जुने गॅझेटियर, जनगणनेची नोंद, वनविभागाचा कार्यआयोजना आराखडा हे कागद मिळाले तर उत्तम. नसतील तर मोहोळं बसतात ते कडे, कंद काढायच्या जागा, मासेमारीचे डोह, देवराई, जुनं मसण, पाण्याचे झरे हेही नियम 13 खाली पुरावेच आहेत. दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा जबाबही लिहून घेता येतो. किमान दोन प्रकारचे पुरावे जोडा. अमुकच कागद आणा, असा आग्रह अधिकाऱ्यांना धरता येत नाही. वनविभागाला आधी कळवून समितीने जागेची पाहणी करावी, नकाशावर शिव आखावी. शेजारच्या गावाशी शिवेचा वाद असेल तर दोन्ही समित्यांनी एकत्र बसून तो सोडवावा.

ग्रामसभेने ठराव केला की फाइल उपविभागस्तरीय समितीकडे आणि तिथून जिल्हास्तरीय समितीकडे जाते. पोच घ्यायला विसरू नका. ठराव अपुरा वाटला तरी वरच्या समितीने तो फेटाळायचा किंवा बदलायचा नसतो, फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवायचा असतो. ग्रामसभेच्या निर्णयावर हरकत असेल तर 60 दिवसांत उपविभागस्तरीय समितीकडे आणि त्या समितीच्या निर्णयावर पुढच्या 60 दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे अर्ज करता येतो.

हक्कपत्रावर जिल्हाधिकारी, उपवनसंरक्षक आणि आदिवासी विकास विभागाचे अधिकारी अशा तिघांच्या सह्या असतात. नकाशा, क्षेत्र आणि हक्कांची यादी तिथल्या तिथे वाचून घ्या, एखादी वस्तू गळली असेल तर लगेच लेखी कळवा.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर 2009 मध्ये असा हक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल 2011 उजाडला. पुढे 2012 च्या दुरुस्त नियमांनी वाहतूक परवाना ग्रामसभेच्या समितीने द्यायचा हे पक्कं केलं. वनोपजावर स्वामित्वशुल्कही (रॉयल्टी) लागत नाही. म्हणून हक्कपत्र मिळताच ग्रामसभेच्या नावाने बँक खातं उघडा, व्यवस्थापन आराखडा करा आणि त्यात मधाचे नियम लिहा: पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायचा, पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा. कोशांतले काही बियाण्याला राखायचे. मग ग्रामसभेचा शिक्का असलेलं परवाना पुस्तक छापून घ्या. प्रत्येक पानावर माल, वजन, गाडी क्रमांक, कुठून कुठे, आणि एक प्रत गावात.