हाउस ऑफ कार्ड्स (दूरचित्रवाणी मालिका)

सत्तास्पर्धा, महत्त्वाकांक्षा व विश्वासघात यांवरील ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिका. मायकेल डॉब्स यांच्या १९८९ मधील त्याच नावाच्या कादंबरीवरून अँड्र्यू डेव्हिस यांनी पटकथा लिहिली. दिग्दर्शन पॉल सीड यांचे. बीबीसीने १८ नोव्हेंबर ते ९ डिसेंबर १९९० या काळात तिचे चार साप्ताहिक भाग प्रसारित केले. ‘टू प्ले द किंग’ (१९९३) व ‘द फायनल कट’ (१९९५) हे तिचे उत्तरभाग. अमेरिकन रूपांतर २०१३ पासून प्रदर्शित झाले.

डॉब्स हे हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या मुख्यालयात मोठ्या पदावर होते. १९८७ च्या निवडणुकीत मतदानास आठवडा उरला असताना पक्षाच्या नेत्या व तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्याशी त्यांचा खटका उडाला. त्यानंतर माल्टाजवळच्या गोझो बेटावर सुटीत असताना आपण एका कागदावर ‘एफ. यू.’ ही दोन अक्षरे लिहिली व त्यांतून नायकाचे नाव (फ्रान्सिस अर्कर्ट, इंग्रजीत Francis Urquhart) आणि कादंबरी निघाली, असे ते सांगतात. ही अक्षरे एका इंग्रजी शिवीचीही आद्याक्षरे आहेत. मात्र ही हकीकत मुख्यतः लेखकाच्याच कथनावर उभी आहे, हे लक्षात ठेवावे. पक्षयंत्रणेचे जे बारकावे कादंबरीत येतात, ते त्यांच्या तेथील अनुभवातून आले असावेत, एवढे मानण्यास हरकत नाही.

थॅचर पायउतार झाल्यावर मालिकेचे कथानक सुरू होते. मुख्य प्रतोद फ्रान्सिस अर्कर्ट (इअन रिचर्डसन) याला नवे पंतप्रधान हेन्री कॉलिंग्रिज मंत्रिपद नाकारतात. पत्नी एलिझाबेथच्या प्रोत्साहनाने तो मॅटी स्टोरिन (सुझॅना हार्कर) या तरुण पत्रकार स्त्रीकडे पक्षातील गुपिते पोहोचवतो, पंतप्रधानांच्या भावाला शेअर-व्यवहाराच्या बनावट प्रकरणात गुंतवतो आणि कॉलिंग्रिज यांच्या राजीनाम्यानंतर प्रतिस्पर्ध्यांना एकेक करून बाजूला काढतो.

अर्कर्ट प्रतोद असणे हा कथेचा कणा आहे. भारतात राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टामुळे (१९८५) पक्षादेश मोडणाऱ्याचे सदस्यत्वच जाऊ शकते. ब्रिटनमध्ये असा कायदा नाही. बंडखोराला पक्षाच्या संसदीय गटातून काढता येते, पण त्याची जागा शाबूत राहते. त्यामुळे तेथील प्रतोदाला समजूत, बढतीचे आमिष आणि सदस्यांच्या खासगी भानगडींची माहिती यांवर काम भागवावे लागते. अर्कर्टचे हत्यार हीच माहिती. मालिकेच्या बहुतेक परिचयांत या मुद्द्याकडे दुर्लक्ष होते.

प्रसारणाच्या योगायोगाची चर्चा मात्र भरपूर झाली आहे. पहिल्या भागाच्या आरंभीच अर्कर्ट थॅचर यांची तसबीर मेजावर पालथी घालतो. तो भाग दाखवला गेला, त्यानंतर दोनच दिवसांनी, २० नोव्हेंबरला, हुजूर पक्षाच्या नेतेपदासाठी खरे मतदान झाले. त्या वेळच्या नियमांनुसार केवळ पक्षाच्या खासदारांना मत होते. पहिल्या फेरीत जिंकण्यासाठी बहुमत तर लागेच, शिवाय एकूण मतदारांच्या १५ टक्क्यांइतकी आघाडीही लागे. खासदार ३७२, म्हणजे आघाडी ५६ मतांची हवी होती. थॅचर यांना २०४ व मायकेल हेझल्टाइन यांना १५२ मते मिळाली. आघाडी ५२ ची झाली. दोघा खासदारांनी बाजू बदलली असती, तर थॅचर पहिल्याच फेरीत निवडून आल्या असत्या. त्यांनी २२ नोव्हेंबरला पायउतार होण्याचे जाहीर केले. दुसरा भाग २५ तारखेस दिसला, तेव्हा दुसरी फेरी तोंडावर होती. २७ तारखेच्या त्या फेरीत जॉन मेजर यांना १८५, हेझल्टाइन यांना १३१ व डग्लस हर्ड यांना ५६ मते पडली. पडद्यावरील अर्कर्टची मतांची जुळवाजुळव या नियमांच्याच चौकटीत चालते. ते ठाऊक नसल्यास उत्तरार्धातील डावपेच अर्धेच कळतात.

या मेळामुळे मालिकेस द्रष्टेपण बहाल करण्याची प्रथा पडली. परंतु चित्रीकरण आधीच झालेले होते आणि कादंबरी तर १९८९ ची. योगायोगाने प्रेक्षकांचे कुतूहल वाढले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

अर्कर्ट कॅमेऱ्याकडे वळून थेट प्रेक्षकाशी बोलतो. याला ‘स्वगत’ म्हणणे काटेकोर नव्हे, कारण स्वगत प्रेक्षकांना ऐकू येते, पण त्यांना उद्देशून नसते. ‘जनान्तिक’ही नव्हे, कारण ते दुसऱ्या पात्राशी असते. आपण शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डवर ही भूमिका बेतली, असे रिचर्डसन यांनी सांगितले होते. ते मुळात शेक्सपिअरच्या नाटकांतून नावारूपास आलेले नट. काहीजण मॅकबेथशीही नाते जोडतात. ते, पतीला चिथावणाऱ्या लेडी मॅकबेथमुळे, एलिझाबेथच्या बाबतीत पटते, अर्कर्टच्या बाबतीत कमी, कारण मॅकबेथला पश्चात्ताप छळतो. रिचर्ड स्वतःची तुलना मध्ययुगीन नीतिनाट्यांतील ‘व्हाइस’ या प्रेक्षकांशी सलगी करणाऱ्या खलपात्राशी करतो. अर्कर्टचे मूळ तिथवर नेता येईल. ‘तुम्हाला तसे वाटू शकेल, मला त्यावर भाष्य करता येणार नाही’ या आशयाचे त्याचे पालुपद पुढे ब्रिटिश राजकीय बोलीत रुळले.

शेवट हा कादंबरी व मालिका यांतील मोठा भेद. कादंबरीत अर्कर्ट गच्चीवरून उडी घेतो. मालिकेत तो मॅटीला खाली ढकलतो, आणि तिचे ध्वनिमुद्रण यंत्र कोणीतरी उचलते. डेव्हिस यांच्या या बदलामुळे नायक जिवंत राहिला व उत्तरभाग शक्य झाले. डॉब्स यांनी पुढच्या कादंबऱ्यांत त्याला जिवंत धरले आणि पहिल्या कादंबरीच्या नव्या आवृत्तीत त्यानुसार फेरफार केले. नाट्यदृष्ट्या मालिकेचा शेवट सरस आहे.

पहिल्या उत्तरभागात अर्कर्टचा नव्या राजाशी (मायकेल किचन) संघर्ष आहे. दुसऱ्याच्या आरंभी थॅचर यांची अंत्ययात्रा दाखवली, तेव्हा त्या हयात होत्या. डॉब्स यांनी या दुसऱ्या उत्तरभागाच्या श्रेयनामावलीतून आपले नाव काढावयास लावले. मूळ मालिकेसाठी डेव्हिस यांना एमी आणि रिचर्डसन यांना बाफ्टा पुरस्कार मिळाला. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या २००० मधील सर्वोत्तम शंभर ब्रिटिश दूरचित्रवाणी कार्यक्रमांच्या यादीत मालिका ८४ व्या स्थानी होती.

अमेरिकन रूपांतर बो विलिमन यांचे. नेटफ्लिक्सने १ फेब्रुवारी २०१३ रोजी त्याचे १३ भाग एकदम उपलब्ध केले. फ्रान्सिस अंडरवुड (केव्हिन स्पेसी) हा डेमोक्रॅटिक पक्षाचा प्रतोद दाखवला आहे. त्याची आद्याक्षरे मुद्दाम तीच ठेवली आहेत. ब्रिटिश मालिका चार भागांत आटोपते, तर ही सहा हंगाम व ७३ भागांपर्यंत ताणली गेली. लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपांनंतर २०१७ मध्ये स्पेसी यांना वगळण्यात आले, आणि २०१८ चा आठ भागांचा शेवटचा हंगाम रॉबिन राइट यांच्या क्लेअर अंडरवुडभोवती रचण्यात आला.