गाठीची भिंत आणि सुईची मर्यादा

तासगावच्या माझ्या मामींना गळ्यावरील गाठ स्वतःला कधीच जाणवली नव्हती. एका लग्नाच्या गडबडीत त्यांच्या गळ्यात हार घालताना ती सुनेच्या ध्यानात आली. मिरजेत सोनोग्राफी झाली, मग सुईची तपासणी झाली आणि काही दिवसांनी रिपोर्ट हाती पडला: ‘फॉलिक्युलर निओप्लाझम, बेथेस्डा ४’, म्हणजे थायरॉइडच्या फॉलिकल पेशींची गाठ, सहा वर्गांपैकी चौथा वर्ग. घरातील प्रत्येकाचा प्रश्न एकच होता, कॅन्सर आहे की नाही? सुईवरून ते सांगता येणार नाही, गाठ असलेला थायरॉइडचा अर्धा भाग काढून तपासावा लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यावर घरच्यांनी लगेच निष्कर्ष काढला की तपासणीच नीट झालेली नाही, पुण्याला जाऊन ती पुन्हा करून घ्यावी. त्याच काचपट्ट्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवून घेण्यात काहीच गैर नाही. मात्र या विशिष्ट रिपोर्टातील अनिश्चितता बहुतेक वेळा कोणाच्या हलगर्जीपणातून आलेली नसते.

थायरॉइड, म्हणजेच अवटू ग्रंथी, कंठमण्याच्या खाली श्वासनलिकेला फुलपाखरासारखी बिलगलेली असते आणि प्रौढ माणसात तिचे वजन साधारण १५ ते २५ ग्रॅम भरते. तिच्यात असंख्य सूक्ष्म पिशव्या असतात; त्यांनाच फॉलिकल म्हणतात आणि आयोडीनयुक्त संप्रेरक तेथेच तयार होऊन साठते. या ग्रंथीत गाठी होणे अतिशय सामान्य आहे आणि त्यांतील बहुतांश निरुपद्रवी असतात.

सुईच्या तपासणीत अतिशय बारीक सुईने गाठीतील थोड्या पेशी ओढून काचेवर पसरतात. थायरॉइडचा सर्वाधिक आढळणारा कॅन्सर, पॅपिलरी कॅन्सर, अशा पेशींवरून पुष्कळदा ओळखता येतो, कारण त्याच्या खुणा पेशीच्या केंद्रकातच असतात: केंद्रक मोठे आणि फिकट दिसते, त्यावर कॉफीच्या बीसारखी खाच असते. फॉलिक्युलर गाठींचे तसे नाही. साधी गाठ, म्हणजे अ‍ॅडिनोमा, आणि फॉलिक्युलर कॅन्सर यांच्या सुट्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसू शकतात. फरक असतो तो गाठीभोवतीच्या आवरणाशी त्या पेशी कशा वागल्या यात. त्यांनी आवरण भेदले असेल किंवा रक्तवाहिनीत शिरकाव केला असेल तर तो कॅन्सर, अन्यथा नाही.

सांगलीच्या मार्केट यार्डात धान्याच्या पोत्यात पोकळ सळई खुपसून मूठभर दाणे काढतात, तेव्हा दाण्यांचा दर्जा कळतो. पोत्याची शिवण कोठे उसवली आहे का, हे त्या मूठभर दाण्यांवरून कळत नाही. त्यासाठी पोते चहूबाजूंनी फिरवून पाहावे लागते. सुई दहा वेळा घातली तरी ती दाणेच आणणार. म्हणूनच या प्रसंगी शस्त्रक्रिया हा केवळ उपचार नसतो, ती निदानाचीच पुढची पायरी असते.

बेथेस्डा हे अमेरिकेतील गावाचे नाव. तेथे २००७ मध्ये झालेल्या परिषदेतून या रिपोर्टांची सहा वर्गांची पद्धत आकाराला आली. तिच्या २०२३ च्या आवृत्तीनुसार कॅन्सर निघण्याची सरासरी शक्यता दुसऱ्या, म्हणजे निरुपद्रवी वर्गात ४ टक्के, तिसऱ्या, म्हणजे पेशींचे स्वरूप निश्चित सांगता न येणाऱ्या वर्गात २२, चौथ्यात ३०, पाचव्यात ७४ आणि सहाव्यात ९७ टक्के आहे. (पहिल्या वर्गाचा अर्थ एवढाच की पेशी पुरेशा आल्या नाहीत.) हे आकडे मुख्यतः ज्यांची शस्त्रक्रिया झाली अशा रुग्णांवरून काढलेले असतात. तिसऱ्या वर्गातील अनेकांची शस्त्रक्रिया होतच नाही आणि पुन्हा सुई घातल्यावर त्यांतील पुष्कळांचे उत्तर निरुपद्रवी येते. त्यामुळे त्या वर्गाची खरी जोखीम २२ टक्क्यांहून कमी असण्याचा संभव आहे. तिसरा वर्ग आला की लगेच शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याची घाई म्हणूनच मला पटत नाही. काही मोठ्या शहरांत पेशींतील जनुकीय बदलांची चाचणीही होते. तिने शंका कमी होते, नेहमी फिटतेच असे नाही, आणि तिचा खर्च सर्वांना पेलवत नाही.

चौथ्या वर्गात डॉक्टरांना विचारायचा खरा प्रश्न असतो: अर्धी ग्रंथी की पूर्ण? दुसरी बाजू निर्दोष असेल, तर सहसा गाठीकडील अर्धा भागच काढतात. ग्रंथीच्या मागून दोन्ही बाजूंनी स्वरयंत्राकडे जाणारी एकेक नाजूक चेता असते आणि रक्तातील कॅल्शियम सांभाळणाऱ्या, बहुधा चार, परावटू ग्रंथीही तेथेच चिकटलेल्या असतात. अर्ध्या शस्त्रक्रियेत एका बाजूची चेता आणि त्याच बाजूच्या परावटू ग्रंथी धोक्यात येतात; त्यामुळे कॅल्शियम कायमचे घटण्याची भीती जवळपास उरत नाही, आणि उरलेला भाग पुष्कळदा एकट्यानेच काम भागवतो. पूर्ण ग्रंथी काढल्यास मात्र थायरॉक्सिनची गोळी रोज, आयुष्यभर घ्यावी लागते. अर्थात अर्धी काढल्यावर कॅन्सर निघाला आणि त्याने रक्तवाहिन्यांत बराच शिरकाव केलेला असला, तर उरलेला भाग काढण्यासाठी पुन्हा टेबलावर जावे लागू शकते. हा सौदा रुग्णाला आधीच समजावून सांगितला पाहिजे.

शस्त्रक्रिया चालू असतानाच गाठीचा तुकडा गोठवून तपासता येतो, परंतु फॉलिक्युलर गाठीत त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण घाईत घेतलेल्या एक-दोन चकत्यांत आवरणाची संपूर्ण कड येत नाही. पॅथॉलॉजिस्टला ती कड भागाभागाने मेणात बसवून, काही मायक्रॉन जाडीचे पापुद्रे कापून शोधावी लागते, आणि या कामाला काही दिवस जातातच.

मामींच्या आवाजाची चेता नीट काम करते का, हे आधी दुर्बिणीतून स्वरतंतूंची हालचाल पाहून तपासले गेले, मग उजवा भाग काढला गेला. आठव्या दिवशी रिपोर्ट आला: अ‍ॅडिनोमा, आवरण अखंड. ‘मग उगाच कापले की!’ असे मामा म्हणाले. मामींनी त्यांना उत्तर दिले नाही. डॉक्टरांनी सांगितलेली, सहा आठवड्यांनंतरची टीएसएचची (थायरॉइड पुरेसे काम करते का हे सांगणारी रक्ताची) तपासणी त्यांनी स्वयंपाकघरातील कालनिर्णयावर लिहून ठेवली.