अशोक हॉटेल: विकतायत की भाड्याने देतायत?

दिल्लीचं अशोक हॉटेल 'विकायला काढलं' ही बातमी अधूनमधून फिरते आणि लोक दरवेळी तेच भांडण पहिल्यापासून भांडतात, म्हणून थोडं मागचं सांगतो.

१९५६ ला युनेस्कोची परिषद दिल्लीत भरणार होती, एवढे पाहुणे उतरवायचे कुठे हा प्रश्न, मग चाणक्यपुरीत २५ एकरांवर हे घाईघाईने उभं केलं. तेव्हाचे पंतप्रधान घोड्यावर बसून काम बघायला यायचे असं सांगतात. बाहेरून झरोके आणि छत्र्या (छपरावरचे छोटे घुमट), आत मॉडर्न मामला. पुढे ते सरकारी पर्यटन महामंडळाकडे गेलं.

खरा गुंता २००१-०२ चा. निर्गुंतवणुकीच्या, म्हणजे सरकारी मालमत्ता खाजगी लोकांना विकायच्या, लाटेत दिल्लीतलीच कुतुब, लोधी, रणजित, कनिष्क ही सरकारी हॉटेलं विकली, अशोक राहिलं. त्याच सुमारास मुंबईत एअरपोर्टजवळचं सेंटॉर (ते या महामंडळाचं नव्हे, सरकारी विमान कंपनीच्या उपकंपनीचं) ८३ कोटींना गेलं आणि घेणाऱ्याने काही महिन्यांतच ११५ कोटींना पुढे विकलं. सरकारी हॉटेल म्हटलं की लोकांच्या कपाळावर आठी येते ती तेव्हापासून, आणि उगाच नाही येत.

२०२१ ला शब्द बदलला, निर्गुंतवणूक गेली आणि मॉनिटायझेशन आलं. घोळ इथेच होतो. यात मालकी सरकारची राहते, वापरायचा हक्क ठरावीक वर्षं खाजगी पार्टीला मिळतो, मुदत संपली की वास्तू परत. म्हणजे कागदावर विक्री नाहीच. पण बातम्यांत मुदत आली ६० वर्षांची, आणि बाजूच्या मोकळ्या जागेवर सर्व्हिस अपार्टमेंट बांधायची गोष्टही आली. आता ६० वर्षांनी परत मिळणार म्हणजे आपल्या नातवाला मिळणार. पागडीच्या खोलीत दोन पिढ्या काढलेल्या माणसाला 'मालक दुसराच आहे बरं का' सांगून बघा, काय ऐकून घ्यावं लागतं ते. तरी 'विकलं' म्हणणंही चूकच, कारण विकल्यावर जमिनीवरचा हक्क कायमचा जातो, आणि इथे सगळा जीव हॉटेलात नाही, जमिनीत आहे.

हा प्रकार नवाही नाही. बंगळुरूचं अशोक २००१ लाच ३० वर्षांच्या करारावर खाजगी कंपनीकडे गेलं, फक्त तेव्हा मॉनिटायझेशन हा शब्द कोणी वापरत नव्हतं. ती ३० वर्षं २०३१ ला भरतायत. परत येतं म्हणजे नक्की कसं येतं, ते तिथे आधी दिसेल.