ओळीतलं तण

पेरणीला चार-पाच दिवस झाले की शेतात उकिडवं बसावं आणि बोटाच्या टोकानं वरची माती हलकेच सारावी. पीक अजून वर आलेलं नसतं, रान स्वच्छ दिसतं. पण सारलेल्या मातीत नीट पाहिलं तर पांढरे, शिवणदोऱ्यासारखे बारीक तंतू दिसतात. मोड फुटलेलं, पण अजून उजेड न पाहिलेलं हे तण. या वयात त्याला मारायला धारेची गरज नसते. माती नुसती हलली तरी तंतूची पकड सुटते आणि कडक ऊन असेल तर तो बघता बघता वाळून जातो. हेच तण चार पानांचं झालं, की तेच अवजार त्याच्या अंगावरून जातं आणि ते पुन्हा मान वर काढतं. तण काढायचं कोणतंही अवजार बघताना मी आधी हा पांढरा तंतू आठवतो, कारण त्या अवजाराचं बरंचसं यश त्याच्यावरच ठरतं.

बहुतेक तणांचं बी बारीक असतं. पोटात शिदोरी थोडी, त्यामुळे ते वरच्या दोन-तीन सेंटीमीटर मातीतूनच वर येऊ शकतं. मका, सोयाबीन, हरभरा यांचं बी टपोरं. ते चार-पाच सेंटीमीटर खोल पेरलं तरी उगवतं. खोलीतला हा फरक फार मोलाचा आहे. लवचिक तारांचे दाते असलेली हलकी दंताळी पीक उगवायच्या आत सगळ्या शेतावरून, ओळीसुद्धा न बघता फिरवता येते. दाते वरचा थर खरवडतात, खालचं बियाणं शाबूत राहतं. पिकाचा कोंब वर यायच्या बेतात असताना मात्र ही दंताळी थांबवलीच पाहिजे, कारण तेव्हा तो काचेसारखा मोडतो.

पीक ओळीत दिसू लागलं की कोळप्याची, म्हणजे दोन ओळींमधून ओढायच्या अवजाराची, पाळी. त्याची पास, म्हणजे आडवं लोखंडी पातं, जमिनीला जवळजवळ समांतर, इंच-दीड इंच खालून सरकते आणि तणाला मुळापासून तोडते. आणखी खोल घातलं तर काम चांगलं होईल असं वाटतं, पण ते खरं नाही. खोल गेलेली पास पिकाची आडवी पसरलेली मुळं तोडते आणि खाली झोपलेलं तणाचं बी वर आणते. अनेक तणांच्या बियांमध्ये फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं, ते लाल उजेड ओळखतं. माती उलटताना बी क्षणभर उघडं पडून पुन्हा झाकलं गेलं, तरी काही जातींना तेवढा इशारा उगवायला पुरतो. म्हणून रात्रीच्या काळोखात मशागत करून पाहण्याचे प्रयोग झाले. काही ठिकाणी तण बरंच कमी आलं, काही ठिकाणी फारसा फरकच पडला नाही.

दोन ओळींमधली जागा साफ करणं ही तशी जुनी, सुटलेली गोष्ट आहे. अठराव्या शतकात इंग्लंडच्या जेथ्रो टल यांनी ओळीत पेरणी आणि घोड्याच्या कोळप्याचा जोरदार पुरस्कार केला. झाडाची मुळं मातीचे बारीक कण खातात, म्हणून माती भुसभुशीत हवी, अशी त्यांची समजूत होती. समजूत चुकीची होती, पण कोळप्यानं तण मेलं आणि पीक सुधारलं.

खरी अडचण आहे ती ओळीतल्या वीतभर पट्ट्याची. तिथे पास घालता येत नाही आणि पिकाला चिकटून उगवलेलं तणच त्याच्या तोंडचं अन्नपाणी सगळ्यात जास्त पळवतं. इथे मला सर्वांत सुंदर वाटतं ते रबरी बोटांचं चाक. ओळीच्या दोन्ही बाजूंना एकेक तिरकं चाक असतं, त्याच्या कडेला रबराची बोटं आणि खाली लोखंडी दाते. दाते मातीत रुतून चाक फिरवतात, वेगळी मोटर लागत नाही. समोरासमोरची बोटं पिकाच्या बुंध्याशी एकमेकांत गुंततात. घट्ट मूळ धरलेल्या रोपाला लागली की वाकतात, पण नाजूक तण उपटून बाजूला टाकतात. रबराला पीक आणि तण यातला फरक कळत नाही, त्याला फक्त पकड कळते. त्यामुळे चाक लावण्यापूर्वी एक रोप चिमटीत धरून हलकेच ओढून पाहावं. ते सहज निघून आलं तर अजून थांबायला हवं.

मक्यासारखं पीक गुडघ्याला लागलं की सोपा उपाय मिळतो: बुंध्याशी मातीची भर. नुकतं उगवलेलं तण दोन-तीन सेंटीमीटर मातीखाली पूर्ण गाडलं गेलं की बहुधा गुदमरतं आणि उंच पिकाला आधार मिळतो.

आता ट्रॅक्टरच्या कोळप्यावर कॅमेरे बसतात. कॅमेरा हिरवी ओळ शोधतो, हायड्रॉलिक दट्ट्या सगळी चौकट डावी-उजवीकडे सरकवतो आणि पास ओळीच्या अगदी जवळून नेता येते. काही यंत्रांत तर रोप आलं की पाती बाजूला होतात, ते गेलं की पुन्हा ओळीत शिरतात. पण तणानं ओळच झाकून टाकली तर कॅमेराही गोंधळतो. फसवण्यात तण मुळीच कमी नाही. हजारो वर्षं माणूस हातानं भात निंदत आला. भातासारखं दिसणारं तणच त्याच्या हातून सुटत राहिलं आणि सावा गवताच्या काही जाती कोवळेपणी हुबेहूब भातासारख्या दिसू लागल्या.

तणनाशकांनी ही अवजारं अनेक शेतांतून मागे सारली. आज जगात अडीचशेहून अधिक तणांच्या जाती कोणत्या ना कोणत्या तणनाशकाला दाद देत नाहीत, म्हणून कोळप्याकडे पुन्हा लक्ष वळलं याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यानं सगळं भागणार नाही. हरळीची कांडी तोडली तर प्रत्येक तुकडा फुटतो, लव्हाळ्याच्या गाठी मातीत खोल सुरक्षित राहतात आणि घोळीचं तुटलेलं खोडसुद्धा ओल्या मातीवर मुळं धरतं.

म्हणून कोळपणी सकाळी, पुढचे दोन दिवस कोरडे जाणार असतील तेव्हा करावी आणि संध्याकाळी पुन्हा शेतात जावं. पडलेलं तण उचलून मुळाशी बघावं. मातीचा ओला गोळा अजून चिकटलेला असेल तर ते अर्धं जिवंत आहे. तो झटकून तण उलटं टाकावं.