मातीतल्या जिवांची दखल उशिरा का घेतली गेली?

मातीतील जैवविविधता आणि माणसाचे आरोग्य यांची सांगड आज सहज घातली जाते. वैद्यकशास्त्राची मातीशी जुनी ओळख मात्र भीतीची. १८८४ मध्ये जर्मनीत आर्थर निकोलायर यांनी बागेतली माती प्राण्यांना टोचली, तर त्यांना धनुर्वात झाला. पाच वर्षांनी शिबासाबुरो किटासातो यांनी त्याचा जिवाणू वेगळा केला. जखमेला माती लागू देऊ नये हा सल्ला आजही बरोबरच आहे. पण त्यामुळे मातीतले सूक्ष्मजीव म्हणजे रोगजंतू, हे समीकरण डोक्यात बसले.

शेतीशास्त्राची अडचण वेगळी होती. युस्टुस फॉन लीबिख यांनी १८४० मध्ये पिकांच्या पोषणाचे रसायनशास्त्र मांडले आणि माती हे खनिजांचे कोठार ठरले: पिकाने जे उचलले ते परत भरा, झाले. कोठारात राहणाऱ्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही. अपवाद चार्ल्स डार्विनचा. गांडुळे बिळात पाने कशी ओढतात हे पाहण्यासाठी त्याने कागदाचे त्रिकोण कापून, चरबी चोळून त्यांच्यापुढे टाकले. निम्म्याहून जास्त त्रिकोण निमुळत्या टोकाकडून आत गेले. इंग्लंडमध्ये अनेक ठिकाणी एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाते, हा त्याचा अंदाज १८८१ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढची काही वर्षे भराभर गेली. मुळे आणि बुरशी यांच्या भागीदारीला १८८५ मध्ये ‘मायकोरायझा’ हे नाव मिळाले. द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र (नायट्रोजन) पिकाला वापरता येईल असा बांधतात, हे जर्मन संशोधक हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी १८८६ मध्ये दाखवले. दोन वर्षांत बायरिंक यांनी त्या गाठींतले जिवाणू वेगळे केले. पण १९१३ पासून नत्र कारखान्यात तयार होऊ लागला आणि या बिनपगारी कामगारांची निकड वाटेनाशी झाली. त्या खतांवर कोट्यवधी माणसे जगली, हेही तितकेच खरे.

मातीकडे पाहण्याची नजर बदलली ती औषधांमुळे, आणि बदलणारा माणूस डॉक्टर नव्हता. सेल्मन वॅक्समन हे अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातले मृदासूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, म्हणजे मातीतल्या सूक्ष्मजीवांचे अभ्यासक. चिमूटभर मातीत असंख्य जिवाणू आणि बुरश्या अन्नासाठी झगडत असतात; त्यातले काही शेजाऱ्याला मारणारी रसायने सोडतात. तीच रसायने शोधायची, हा त्यांचा मार्ग. १९४३ मध्ये त्यांचे विद्यार्थी अल्बर्ट शॅट्झ यांना तळघरातल्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन सापडले. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या क्षयरोगावर ते पहिले परिणामकारक प्रतिजैविक ठरले. १९५२ चे नोबेल एकट्या वॅक्समन यांना मिळाले. शॅट्झ त्याआधीच कोर्टात गेले होते आणि तडजोडीत त्यांना सहसंशोधक म्हणून मान्यता मिळाली होती. नोबेल देताना तरी ती लक्षात घ्यायला हवी होती, असे वाटते.

मग औषध कंपन्या जगभरातून मातीचे नमुने गोळा करू लागल्या. व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक बोर्निओच्या मातीतून आले. अवयव प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे रॅपामायसिन ईस्टर बेटाच्या. सातोशी ओमुरा यांना जपानमध्ये एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीत मिळालेल्या जिवाणूपासून आयव्हरमेक्टिन निघाले. नदीकाठच्या वस्त्यांत माणसांना आंधळे करणाऱ्या कृमिरोगावर ते वापरले जाते. त्या कामाला २०१५ चे नोबेल मिळाले.

प्रतिकारशक्तीचा मुद्दा सर्वांत नवा आणि अजून कच्चा. १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन यांना दिसले की, ज्या मुलांना थोरली भावंडे जास्त त्यांना परागज्वर (परागकणांची ॲलर्जी) कमी. भावंडांकडून लहानपणीच होणारा जंतुसंसर्ग मुलांना ॲलर्जीपासून वाचवत असेल, असा त्यांचा तर्क होता; त्यातून अतिस्वच्छतेबद्दलचा वाद सुरू झाला. २०२० मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली माती आणि हिरवळ आणून टाकली. २८ दिवसांत तिथे खेळणाऱ्या मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तात प्रतिकारयंत्रणेचे नियमन सुधारल्याच्या खुणा दिसल्या. मुले थोडीच होती, त्यामुळे यावरून ‘माती खाऊ द्या’ असे सांगत सुटणे घाईचे.

धोरणकर्ते याच सुमारास जागे झाले. जैवविविधता कराराखाली मृदाजैवविविधतेसाठी वेगळा उपक्रम २००२ मध्ये ठरला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा या विषयावरचा पहिला जागतिक अहवाल २०२० मध्ये आला. पृथ्वीवरच्या निम्म्याहून जास्त, सुमारे ५९ टक्के प्रजातींचे घर माती आहे, हा अंदाज तर २०२३ चा. माती परीक्षणाच्या नेहमीच्या अहवालात मात्र सामू (pH), सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश असे रकाने असतात. जिवांसाठी सहसा एकही नसतो.